खांड्याचा फेटा

चिंचेचा कोळ पितळेला लागला की एक वास सुटतो. ना धड चिंचेचा, ना धड पितळेचा. आंबट, गार, आणि नाकाच्या आधी दाढेला कळणारा. हा वास माझ्या घरात वर्षातून एकदाच यायचा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. हत्यारांचा आणि अवजारांचा हा सण. शेतकरी त्या दिवशी नांगर पुजतो, शिंपी कात्री पुजतो, आणि मी लोहार, मी ऐरण, घण, भाता पुजून झाला की शेवटी पाटावर घरातली जुनी तलवार ठेवतो.

त्या दुपारी अंगणातल्या लिंबाखाली गोणपाट टाकून आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो. मी आणि कौसल्या, माझी बायको. मध्ये तलवार आडवी. मूठ तिच्या मांडीवर, पाते माझ्या मांडीवर. ही वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची. पितळी मुठीला ती चिंच लावणार, पोलादी पात्याला मी विटेची भुकटी आणि करडईचे तेल लावणार. पात्याला चिंच लागली तर काळा डाग पडतो, हे मी तिला दर वर्षी सांगायचो, आणि दर वर्षी ती एक थेंब मुद्दाम माझ्या बाजूला उडवायची.

"हळू घासा की. लागंल त्याला."

"पोलादाला काय लागतंय, कौसे?"

"तुमाला न्हाई कळायचं. माझा नवरा हाय त्यो."

"मग मी कोन?"

"तुमी गाडीवान," ती म्हणाली, आणि मूठ घासता घासता एकटीच हसत राहिली. हे हसणे कशाचे ते पुढे सांगतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या हिराबाईच्या जात्याचा आवाज थांबला, तशी कौसा ओरडून म्हणाली, "हिराक्का, तुळशीचं लगीन झालं की तुझ्या दत्तूच्या लग्नाला ह्योच खांडा न्यायचा बरं का. दुसऱ्या कुनाला शब्द दिलेला न्हाई." पलीकडून "व्हय व्हय" आले. मग कौसाने पेटीतला जुना फेटा काढला आणि मूठ पुरती वाळायच्या आत, ओल्या हातांनीच, तो मुठीभोवती गुंडाळून वर गाठ मारली. म्हणाली, "झाला नवरदेव तयार. च्या ठिवते." आणि आत गेली.

बराच वेळ चहा आला नाही. भांडे करपल्याचा वास आला तेव्हा मी हाक मारली. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली होती, पदर नीट, डोळे मिटलेले, हाताला चिंच. डॉक्टर म्हणाला, काळीज थांबलं. मी म्हटले, बरोबर आहे, ते कधी तरी थांबायचंच, फार पळालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, चौथी शिकलेला लोहार, बायको गेलेली, हा रडगाणे सांगायला बसला. नाही. रडायचे ते मी भात्यापाशी रडलो, तिथे धुराचे निमित्त असते. मी बसलो आहे ते शब्दांचे सांगायला. तुम्हाला नवल वाटेल. पण शब्द काय फक्त पुस्तकात असतात? माझ्या दुकानात ते गंज चढून यायचे आणि चकाकत परत जायचे. प्रवरेच्या या काठाला, कोल्हारापासून वरच्या अंगाला, ज्याच्या ज्याच्या घराच्या माळ्यावर आज्याचे, पणज्याचे एखादे पाते पडलेले, तो ते लग्नकार्याच्या आधी माझ्याकडे घेऊन यायचा, आणि घेऊन येताना त्याचे नाव सांगायचा. कुणी म्हणे तलवार, कुणी म्हणे समशेर, कुणी म्हणे धोप. मी आधी सगळ्यांना हसायचो. लोखंड ते लोखंड, नावात काय ठेवलंय? पुढे हातातून इतकी पाती गेली की कळले, नावातच सगळे ठेवले आहे.

तलवार हा आपला भाकरीसारखा शब्द. रोजचा. त्यात सगळे बसते. पाते एका धारेचे, पाठीला किंचित वाक, मूठ पंजात मावणारी. गरिबाच्या घरी असली तरी तलवार, राजाच्या कमरेला असली तरी तलवार. या शब्दाला गर्व नाही. समशेर म्हटले की छाती आपोआप पुढे येते. तिचा वाक मोठा, चंद्राच्या कोरीसारखा. ती खुपसायची नाही, ओढून कापायची. नगरहून दर हिवाळ्याला सायकलवर सहाण बांधून येणारा उस्मान शिकलगार, माझा दोस्त, सांगायचा, "भाई, समशेर म्हणजे शेराची शेपटी. खरं-खोटं अल्ला जाणे, पण वाक तर बघ." तोच तेग म्हणायचा. तेग. बघा, म्हणायला सुरुवात करेपर्यंत शब्द संपतो. तलवारीला चार अक्षरे खाली ठेवून बसायला वेळ आहे, तेगेला नाही. म्हातारी माणसे हा शब्द वापरायची ती वार झाल्यावर, आधी नाही.

धोप सरळ आणि लांब, वजनाला हलकी. घोड्यावर बसून खालच्या माणसापर्यंत पोचायचे तर हात पुरत नाही, तिथे धोप पुरते. एकदा एकाने माळ्यावरून असली धोप आणली, तिचे पाते साता समुद्रापलीकडचे होते, त्यावर परक्या लिपीतली अक्षरे, आणि मूठ मात्र आपल्याकडच्या लोहाराने बसवलेली. तिला फिरंग म्हणतात. माहेर विलायतेत, सासर नगर जिल्ह्यात. कौसा ती हातात घेऊन म्हणाली होती, "बाई गं, किती लांब दिली तुला." आणि तिला तेल जास्त लावले.

पट्टा मात्र हातात धरायचा नसतो, घालायचा असतो. कोपरापर्यंत लोखंडाचे आवरण, पुढे लवलवते सरळ पाते; पट्टा घातला की माणसाचा हात संपतो कुठे आणि हत्यार सुरू होते कुठे हे कळत नाही. म्हणून तर जास्त बोलणाऱ्या बाईला आपण तिच्या तोंडाचा पट्टा चालू झाला म्हणतो. त्या अर्थाने माझ्या घरात चाळीस वर्षे पट्टा फिरत होता, आणि देवाशपथ, तो बंद झाल्यावर घर इतके मोठे आहे हे मला पहिल्यांदा कळले. गुप्ती मी कधी घडवली नाही. काठी म्हणून चालायची आणि आत पाते. जे हत्यार आपले नाव लपवते त्याला मी ऐरणीवर घेत नाही, असे मी दोन गिऱ्हाइकांना तोंडावर सांगितले होते. आणि कट्यार ही मिठीच्या अंतरावरची. तिथपर्यंत माणूस येऊ दिला म्हणजे एक तर तो आपला, नाही तर आपण चुकलेले.

खड्ग हा शब्द मला शाळेच्या गुरुजींनी दिला. ते आमच्या तलवारीकडे बघून हात जोडून म्हणाले होते, "खड्ग आहे हो घरात." हा शब्द कापत नाही, तो तळपतो. देवीच्या हातात असते ते खड्ग, कुणाच्या मांडीवर घासायला घेतात ती तलवार. एक कीर्तनकार गावात असिधाराव्रत सांगून गेला. तलवारीच्या धारेवर उभे राहून पाळायचे व्रत. बायका माना डोलवत होत्या. कौसा घरी येऊन म्हणाली, "त्येला काय माहीत. धारेवर हुभं ऱ्हायचं सोपं असतंय. धारेजवळ बसून दर वर्साला चिंच लावायची आवघड."

असे हे एका कुळातले शब्द. ऐरणीपाशी बसून मी त्यांचा एक हिशेब मनाशी लावला होता, खरा की खोटा ते शिकलेल्यांनी ठरवावे. मला वाटायचे, यातला प्रत्येक शब्द म्हणजे समोरचा माणूस आपल्यापासून किती लांब उभा आहे त्याचे माप आहे. घोड्याच्या अंतरावर धोप, चार पावलांवर तलवार, हाताच्या घेरात पट्टा, श्वास लागेल इतक्या जवळ कट्यार. माणसाने माणसापासूनच्या अंतराला किती बारकाईने नावे दिली! जवळ येण्यासाठी एवढे शब्द आपल्याकडे आहेत का?

एकच शब्द या मापात बसत नव्हता. खांडा.

खांडा खरे तर सरळ असतो, दोन्ही बाजूंनी धारेचा, टोकाकडे रुंद होत गेलेला, जड. देवाच्या नावात जाऊन बसलेले हत्यार. आमच्या घरातले पाते एका धारेचे आणि वाकाचे. पणज्याच्या काळात कुणी घोडेस्वार मूठ बसवायला टाकून गेला, परत आलाच नाही. ती तलवार आहे, हे मी लोहार म्हणून शपथेवर सांगतो. पण कौसा तिला जन्मभर खांडाच म्हणाली. मी म्हणायचो, "आगं, खांडा सरळ असतोय, दुधारी." ती म्हणायची, "आसंल. लगीन लागायला जो हुभा ऱ्हायला, त्यो खांडा." यावर मी पुन्हा पाते घासायला लागायचो. कारण माझ्या लग्नात मी उभा नव्हतो.

कौसाचे माहेर अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातले, भातखाचरांचे. वऱ्हाड बैलगाड्यांतून निघाले. वैशाखाचे ऊन. निघायच्या आदल्या दिवशी बायकांच्या गाडीच्या चाकाला मी नवी धाव बसवली होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचे लोखंडी कडे. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगलेली असतानाच लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे, की ती आवळते आणि चाकाला जन्माची मिठी मारते. पण मला हळद लागलेली, बायका हाका मारत होत्या, आणि माझे मन त्या दिवशी भात्यात नव्हते. लाल व्हायच्या आधीच, नुसती तांबूस असताना मी ती ठोकून बसवली. चढणीला निम्मी वाट झाली आणि धाव निघून गडगडत खाली दरीकडे गेली. गाडीत माझी आई, दोन आत्या, तांदूळ, शिदोरी.

बाप गाडीखाली उतरला. लोहारकामात त्याचा एक नियम होता, त्याच्या बापाचाही होता.

"धाव कुनी बसवली?"

"म्या."

"मग उतर."

मामा म्हणाला, "दाजी, आवो नवरदेव हाय त्यो. बाशिंग बांधायचंय त्याला."

बाप म्हणाला, "नवरदेव गाडीत बसल्यावर. खाली उतरला की लव्हार. ज्याची धाव त्यानं बसवायची."

मी उतरलो. जवळच्या वाडीतून गोवऱ्या आणायच्या, धाव दरीतून वर काढायची, जाळ करायचा. संध्याकाळच्या मुहूर्ताला पोचणे होणार नव्हते हे लहान पोरालाही कळत होते. तेव्हा बापानेच तोड काढली. पूर्वी लढाईवर गेलेल्या नवऱ्याच्या जागी त्याचा खांडा पाठवून लग्न लावायची चाल होती. आमच्या आज्याच्या एका चुलत्याचे तसे लागले होते. बापाने माझ्या हातातली लिंबू टोचलेली तलवार काढून घेतली, माझ्या डोक्यावरचा डाळिंबी रंगाचा लग्नाचा फेटा उतरवून तिच्या मुठीला गुंडाळला, आणि मामाच्या खांद्यावर देऊन म्हणाला, "जा. लव्हाराचं लगीन हाय, लोखंडासंगंच लागू दे."

मी त्या चढणीवर अंगाला हळद, बोडक्या डोक्याने जाळ केला. या खेपेला धाव लाल केली, पळसाच्या फुलासारखी. पाणी ओतले तेव्हा वाफ उठली आणि चाक कण्हले. मामा वर पोचला. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला कौसा, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या राशीवर उभी केलेली, फेटा बांधलेली तलवार. कौसाने तिच्या मुठीत माळ घातली.

मी पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. तोंड काजळीने काळे, हळद घामाने ओघळलेली. कुणी ओळखले नाही. मला गाडीवानांच्या ओळीत बसवले, आणि भूक एवढी होती की मी काही न बोलता बसलो. नवी नवरी वाढायला फिरत होती, तशी चाल. माझ्या पत्रावळीवर भात टाकताना ती सोबतच्या पोरीला म्हणाली, "ह्या गाडीवानाला आजून वाढ गं, लई दमलाय बिचारा." तेव्हा मामा हसत ओरडला, "आगं येडे, नवरा हाय तुझा!" तिने एकदा माझ्याकडे बघितले, एकदा पाटावरच्या फेट्याकडे, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे म्हणाली, "माझा नवरा त्यो हाय. ह्यो गाडीवानच बरा."

चाळीस वर्षे हे उत्तर पुरले. भांडण झाले की ती माझ्याशी न बोलता तलवारीशी बोलायची. "बघा, गाडीवान आज रागावलाय." तो फेटा मला तिने कधी दिला नाही. "त्यो खांड्याचा. तुमी दुसरा घ्या." एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या म्यानात राहिल्या, आणि तिसरीही राहिली. दर खंडेनवमीला ती फेटा मुठीला बांधायची. आणि गावात ही गोष्ट इतकी झाली की आमच्या आळीतला प्रत्येक नवरदेव लग्नाला लोहाराचा खांडा न्यायला लागला. ज्याच्या हातात तो, त्याचं लगीन कशानं अडायचं न्हाई, असे बायका म्हणत. कौसा फेटा सोडून ठेवायची, मुठीला कुंकू लावायची, आणि खांडा नवरदेवाच्या आईच्या ओंजळीत द्यायची. किती घरांत त्या पात्याच्या टोकावर लिंबू टोचले गेले असेल! हाणामारीला घडलेले हत्यार, आणि त्याने आयुष्यभर फक्त लिंबे कापली. याहून मोठी फत्ते कुठल्या समशेरीच्या नशिबी आली असेल, सांगा.

कौसा भरल्या कपाळाने गेली. हिरवे लुगडे, मळवट, बायका म्हणत होत्या नशीब काढले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, पण घराला सुतक. तिने घासलेली मूठ, मी उजळलेले पाते, तिने बांधलेला फेटा, सगळे तसेच पेटीत गेले. पूजा चुकली. पोरगा भोसरीहून आला, दिवस केले, परत गेला. जाताना म्हणाला, "आबा, ती तलवार नगरच्या संग्रहालयात देऊन टाका, काच लावून ठेवतील." मी म्हटले, काचेत ठेवायला ती काय लाडू आहे?

तुळशीचे लग्न झाले. लग्नसराई सुरू झाली. मी रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसायचो, की आता कुणी खांडा मागायला येईल. कुणी आले नाही. मारुतीच्या पारापाशी एक वरात गेली. नवरदेव ट्रॅक्टरवर, पुढे बॅन्ड, आणि त्याच्या हातात मांडववाल्याकडून भाड्याने आणलेली पत्र्याची तलवार, सोनेरी कागद लावलेली. वाऱ्याने तिचे टोक थरथरत होते. मी लोहार आहे. मला ते कौसाच्या जाण्याइतके लागले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दत्तूच्या लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा हिराबाई दुपारची आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. शेंगा निवडाव्यात तसे बोटांशी काही करत राहिली.

"बोल हिराबाई," मी म्हटले. "खांडा न्यायला आलीस ना?"

"भावजी, कसं सांगू."

"तोंडानं सांग."

"आळीतल्या बाया म्हनत्यात, तिचं लगीन खांड्यासंगं लागलं हुतं. मंग ती गेली म्हंजी बायको त्याचीच गेली. रंडका झाला त्यो. आसला खांडा नवरदेवाच्या हातात कसा द्यायचा?" तिच्या डोळ्यांत पाणी होते. "मला न्हाई पटत. पर सून नवी येनार, उद्या काय झालं तर मलाच म्हनत्याल. कौसाक्कानं शब्द दिलाय, त्यो मोडायला मी आले, माझंच मला कसंतरी वाटतंय."

ती गेली. आयुष्यभर आम्ही ज्या गोष्टीवर हसलो, तिचा गावाने कायदा केला होता.

आणि मग माझ्या लक्षात आले ते असे. बाई विधवा झाली की तिचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, गावाला दिसते काय झाले ते. बाप्याचे काय फुटते? काही नाही. मी तोच सदरा घालतो, तीच टोपी घालतो, तेच कोयते शेवटून धारेला आणतो. माझ्या अंगावर माझी बायको गेल्याची एक खूण नाही. गावाला ते दुःख कुठे तरी ठेवायला जागा हवी होती. माझ्यावर जागा दिसली नाही, म्हणून त्यांनी ते खांड्यावर ठेवले. यात गावाचा तेवढाच दोष, जेवढा माझा. चाळीस वर्षे मीही तिला कधी ठासून म्हणालो नव्हतो, की कौसे, नवरा मी आहे. हसण्यावारी नेले. धाव नीट तापवली नाही म्हणून लग्न चुकले, आणि चुकले ते कधी दुरुस्तच केले नाही. आता ती तरी कुणाची बायको म्हणून गेली? लोखंडाची? मग मी कुणासाठी रडतो आहे?

बापाचा शब्द कानात आला. ज्याची धाव त्यानं बसवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि पेटी उघडली. मुठीवरची तिने मारलेली गाठ सोडवायला वेळ लागला. घण धरणारी बोटे, ती बारीक गाठ. फेट्याचा डाळिंबी रंग जाऊन विटकरी झाला होता. टोपी काढून खुंटीला लावली आणि तो फेटा मी माझ्या डोक्याला बांधला. आरसा बघितला नाही. कौसाच्या करंड्यातले कुंकू अंगठ्याने मुठीला लावले, आणि तलवार दोन्ही हातांवर आडवी घेऊन बाहेर पडलो.

हिराबाईचे घर माझ्या भिंतीला भिंत. सरळ गेलो असतो तर वीस पावले. मी उलटा वळलो. सगळी आळी, मारुतीचा पार, दुधाची डेअरी, एसटीडीचा पिवळा डबा, शाळा, असा गावाला पुरता वळसा घालून, मधोमध, सावकाश. नवरदेवाने चालावे तसा. डेअरीपाशी किटल्या घेऊन माणसे उभी होती. एक जण म्हणालाच, "काय आबा, फेटाबिटा! दुसरं लगीन का?"

मी थांबलो. म्हटले, "पयलंच हाय. तवा चुकलं हुतं."

कुणी हसले, मग कुणी हसेना. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मी पुढे निघालो तेव्हा मागे पावले वाजत होती. किती ते मागे वळून बघितले नाही, नवरदेव मागे बघत नाही.

हिराबाईच्या दारात बायका मांडवाला पाने लावत होत्या. त्या बाजूला झाल्या. हिराबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, माझ्या डोक्याकडे बघून जागीच थांबली.

"हिराबाई," मी म्हटले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असे, "बायको माझी मेली. खांड्याची न्हाई. रंडका मी हाय, बघा माझ्याकडं. ह्यो मोकळा हाय. घे."

तिने हात लुगड्याला पुसले, डोईवर पदर घेतला आणि ओंजळ पुढे केली. कौसाच्या हातून जसा ओंजळीत जायचा तसा तो गेला. नाव मी खांडाच घेतले. ते नाव तिचे. त्यावरून मी तिच्याशी जन्मभर भांडलो, आता ते राहू दे. कुठली तरी बाई हळूच म्हणाली, "हळद लावा गं मुठीला," आणि आतून हळद आली.

मी घरी आलो. ऊन चढत होते, कपाळाला घाम आला, आणि त्या घामाने फेट्याच्या आतल्या घडीतून एक वास सुटला. ओल्या हातांनी बांधला होता तिने. आंबट, गार, नाकाच्या आधी दाढेला कळणारा. मी फेटा उतरवला नाही. भट्टी पेटवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कोयता ऐरणीवर घेतला.